टपाल कचेरीच्या पायऱ्या

चष्मेवाल्याची बायको त्याला ओळखेनाशी झाली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. भाऊ म्हणायची त्याला. सख्ख्या नवऱ्याला भाऊ! डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा सिनेमे करणाऱ्या भाचीनं खूळ काढलं, मामा-मामीच्या प्रेमावरच सिनेमा करायचा. ना गाणी, ना खलनायक. नुसती दोन माणसं, याच शहरातल्या रस्त्यांवर. चष्मेवाल्याला वाटलं, पडद्यावर बघून तरी ही एकदा 'अहो' म्हणेल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

त्यानं भाचीला सगळं सांगितलं. बायको पहिल्यांदा दुकानात आली ते, पुन्हा यायला मिळावं म्हणून तिनं तक्त्यावरची तिसरी ओळ मुद्दाम चुकीची वाचली ते. फक्त एका जागी गड्यानं थाप मारली. पळून जाऊन लग्न करायचं ठरलं, त्या दिवशी आपण टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर सकाळपासून तिची वाट बघत बसलो, असं सांगितलं. खरं तर बसली होती ती, कपड्यांची पिशवी घेऊन. हा थोरल्या भावाच्या धाकानं दुकानाचं शटर ओढून आत लपला होता. आठवड्यानं तोंड दाखवलं, तापाचं निमित्त सांगितलं. तिनं लग्न केलं त्याच्याशी, आणि चाळीस वर्षांत तो विषय एकदाही काढला नाही.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला दोघं पुढच्या रांगेत बसली. बाई मख्खासारखी बघत होती. पडद्यावर पायऱ्या आल्या, त्यांवर देखणा नायक वाट बघत बसलेला. तशी ती ताडकन उठली.

"खोटं आहे! तो आलाच नव्हता. मी बसले होते तिथे, संध्याकाळपर्यंत."

चष्मेवाल्याची थाप उघडी पडली. पण आठवलं तर खरं! शिव्या घाल बाई, पण ओळख.

"अगं, तो मीच," त्यानं तिचा हात धरला. "मीच आलो नाही. भ्यालो होतो गं."

तिनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्याची कीव आल्यासारखं त्याच्या हातावर थोपटलं.

"काहीतरीच काय, भाऊ! तुम्ही रोज वेळेवर येता. गोळ्या देता, वेणी घालता. तो असा नव्हता."

ती खाली बसली. पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "भेटला तर त्याला सांगू नका हं, मी इतका वेळ बसले होते ते. वाईट वाटेल त्याला."

"नाही सांगत," चष्मेवाला म्हणाला.