नवरीच्या बिअरसाठी आणलेल्या फांद्या

सारेमा बेटावरील एका मानी पित्यावर कन्येच्या विवाहाच्या तोंडावर जो घोर प्रसंग ओढवला, तो मी येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे.

या पित्याचे नाव काल्यो; घरोघरच्या कार्यांसाठी बिअर करावी तर काल्योनेच, अशी त्याची ख्याती होती. परंतु हिवाळ्यातील तापाने त्याची घ्राणशक्ती पार नष्ट झाली होती, आणि ही गोष्ट त्याने कोणालाही कळू दिली नव्हती. नाक गेलेल्या माणसाला पिंपापाशी कोण उभे करील?

शनिवारी त्याच्या एनेलीचे लग्न होते. तिला दिवस गेले होते, आणि त्याचा दोन्ही घरी आनंदच होता. पिंपाच्या तळाशी जुनिपर या सुईसारख्या पानांच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या अंथरून त्यांतून मोड आलेल्या जवाचा गोड रस गाळायचा, ही रीत. त्या फांद्या किनाऱ्यावरील मेंढ्यांच्या कुरणातून आणाव्या लागत; पण दुखऱ्या खुब्यामुळे काल्यो तेथवर पोहोचू शकला नाही. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर माळ्याने छाटलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता. त्यांच्या सुया जुनिपरसारख्याच हिरव्या दिसत होत्या. पूर्वी तो पाला तळहातावर चुरडून, हुंगून पारखून घेई. याही वेळी त्याने चुरडला, हुंगला आणि काहीच न कळता भारा बांधला.

गुरुवारी दुपारी रस गळू लागला. पहिली पळी नवरीची, असा त्या घरचा प्रघात. ती एनेलीच्या हाती देऊन काल्यो लाकडे आणावयास गेला. परतला तेव्हा शेजारची सालमे मावशी नाकाला रुमाल लावून पिंपापाशी उभी होती.

“काय रे काल्यो, बोका बुडाला की काय आत?”

“मावशी, तुझं नाक म्हातारं झालंय.”

“माझं नाक अजून तुझ्या मेंढ्यांचं गोत्र सांगेल. पाला कुठला आणलास?”

“कुरणातला.”

“मला शिकवतोस? हा दफनभूमीतला साबिना, दिसायला तेवढा जुनिपरसारखा. विषारी असतो मेला. माझ्या आजीच्या वेळी अडलेल्या पोरी पोट पाडायला हाच उकळून प्यायच्या. तुला वास येत नाही?”

काल्योच्या हातातील लाकडे गळून पडली. बाकावर पळी रिकामी होती.

तो लंगडत घरात गेला. एनेली खिडकीशी शिवत बसली होती.

“पोरी, ती पळी प्यायलीस?”

“प्यायले की. छान होती.”

“मला वासच येत नाही, एनेली. हिवाळ्यापासून. मी तुला विष दिलंय.” तो उंबरठ्यावरच बसला.

तिची सुई थांबली. “नाही प्यायले, बाबा. तोंडाशी नेताच उमळून आलं. मागच्या दारच्या झुडपात ओतली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“ओठाला तरी लागली?”

“थेंबही नाही.”

परंतु काल्योच्या जिवाला थारा नव्हता. क्षणापूर्वी जी त्याच्या मानासाठी खोटे बोलली, ती आता त्याच्या समाधानासाठी खोटे बोलत नसेल कशावरून? तो मागील दारी गेला, झुडपाखाली गुडघे टेकले, ओली माती नाकाशी धरली. त्याला काहीही कळेना.

“मावशी,” त्याने हाक मारली, “मला नाक नाही गं. तू बघ.”

सालमे मावशी कण्हत वाकली. तिने मातीची मूठ हुंगली, पुन्हा हुंगली.

“इथंच आहे,” ती म्हणाली. “सगळी इथंच ओतलीय. ऊठ आता.”

काल्यो उठला आणि त्याने पिंपाच्या तळाचे बूच उपटले. लग्नाची सारी बिअर अंगणातून वाहून जाईपर्यंत तो तेथेच रडत उभा राहिला.

हे कथन शेवटपर्यंत वाचणाऱ्या सर्व सज्जनांचा मी ऋणी आहे.

— एल्मार तूल