कापायला आणलेलं प्रकरण

मित्रांनो, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांमागे एक अरुंद बोळ आहे. तिथल्या बाइंडिंगच्या दुकानात राहणारी मी कागद कापायची एक जुनी मशीन. माझं अंग बिडाचं, माथ्यावर दाब देणारं चाक आणि आत हातभर लांबीचं पातं. अमृतसरच्या कारखान्यात मी घडले आणि या दुकानाचे मालक असलेल्या देवरावांनी मला हौसेने इथे आणलं. शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, दीक्षाभूमीवर विकायच्या पुस्तिका, सगळ्यांच्या कडा मी सरळ केल्या. देवराव गिऱ्हाइकांना माझी धार कौतुकाने दाखवत.

पुढे विजेवरच्या मशिनी आल्या आणि माझ्या चाकावर गंज चढला. देवराव गेल्यावर मला भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांची सून प्रेमलता आडवी आली. तिने मला रॉकेलने पुसलं, पात्याला धार लावून आणली आणि दुकान स्वतः चालवायला घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात रजत नावाचा प्रकाशक हातगाडीभर पुस्तकं घेऊन आला. ती प्रेमलतेनेच बांधून दिली होती. विडी कामगार बायांच्या गाण्यांवर प्राध्यापक नंदिनीताईंनी केलेलं ते संशोधन. त्यातल्या एका प्रकरणात सक्करदऱ्याच्या बायजाबाईंनी म्हणून दाखवलेलं गाणं होतं, त्यांच्या आईने रचलेलं. विडी कारखान्यातल्या पाण्याच्या माठाला त्यांच्या दलित वस्तीच्या बायांनी हात लावायचा नाही, अशी मालकाची ताकीद होती; दिवसभर जीभ कोरडी पडायची, असं ते गाणं सांगत होतं.

त्या मालकाच्या नावाचा आज चौक आहे, तिथे पुतळा आहे. त्याला मानणाऱ्या एका संघटनेने भावना दुखावल्याची ओरड केली. कॉलेजने नंदिनीताईंचं व्याख्यान रद्द करून त्यांच्याकडेच खुलासा मागितला. रजतच्या दारात घोषणा झाल्या आणि तो घाबरला. तेवढं प्रकरण कापून पुस्तकं पुन्हा बांधून दे, असं तो प्रेमलतेला सांगत होता. संघटनेची दोन माणसं दाराशी उभी राहून ऐकत होती.

प्रेमलता म्हणाली, "भाऊ, हे ज्या मॅडमनं लिहिलं, त्यायलेच बोलवा. त्यायच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी चाक फिरवणार नाही."

नंदिनीताई आल्या. सोबत काठी टेकत बायजाबाईही आल्या होत्या. काय होतं ते मले पाहू दे, म्हणून त्या हट्टाने ऑटोत बसल्या होत्या. ताईंचा चेहरा उतरला होता. घरी धमक्यांचे फोन येत होते, त्यांच्या आईने अंथरूण धरलं होतं.

"कापून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीचं पुस्तक तरी वाचेल."

प्रेमलतेने एक पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. माझ्या पात्याला काम मिळणार होतं, पण मी गंजलेलीच राहिले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. बायजाबाईंनी आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. प्रेमलतेने त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"नंदिनी, माह्यं नाव पुस्तकात टाकाच्या आधी तू मले विचारलं होतं वं," त्या म्हणाल्या. "आता काढाच्या वक्ती काहून नाही विचारलं?"

ताई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं.

"चुकलं माझं, मावशी. कापायचं नाही. एक ओळसुद्धा नाही."

दारातल्या माणसांनी दुकान बंद पाडायची भाषा केली. प्रेमलता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाहून घेऊ," ती म्हणाली. "आता बाजूले व्हा, पुस्तकं आत घ्याची आहेत."

रजत पुस्तकं तिथेच टाकून निघून गेला. प्रेमलतेला दरवर्षी मिळणारं कॅलेंडरं बांधायचं काम संघटनेच्या लोकांनी तोडलं, ते आजवर परत आलेलं नाही. नंदिनीताईंची कॉलेजमधली चौकशी अजून चालू आहे. त्यांनी माफी मागितलेली नाही. रद्द झालेलं व्याख्यान त्यांनी बायजाबाईंच्या अंगणात दिलं. तिथे ते गाणं बायांनी मिळून म्हटलं, आणि पुस्तकं इथूनच, अख्खी, लोकांच्या घरी गेली.

मित्रांनो, पात्याला कागद ओळखता येत नाही. खाली ठेवाल ते मी कापते. म्हणून मला तेल देत राहा, पण माझं चाक कोण फिरवतं आणि कशासाठी, तिकडेही लक्ष ठेवा. एखादं पान तुम्हाला पटलं नाही, तर त्यावरचं तुमचं उत्तर लिहून इथे घेऊन या. त्याच्याही कडा मी तितक्याच सरळ करून देईन.