डावीकडचा भांग

धाकट्या भावाच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची कात्री कधी चाललीच नव्हती. त्यामुळे उजव्या कानाच्या वरची गाठ पहिल्यांदा सापडली ती न्हाव्याला, म्हणजे त्याच्या दादालाच. वाटाण्याएवढी, लालसर, मऊ.

"डॉक्टरला दाखव," दादा म्हणाला खरा. पण धाकटा कसला ऐकतोय. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरसकट त्याची एक किडनी काढली होती.

"दुखणं पोटात होतं, ते गेलं. डोक्याचा काय संबंध? भांग बदल फक्त. कामावर लोक टक लावून बघतात."

दादाला पटलं. पटवून घ्यायलाच तो टपला होता. दवाखान्याचं नाव काढलं की घरावर पसरणारी ती अवकळा त्याला पुन्हा नको होती. भांग डावीकडे घेऊन, वरचे केस उजवीकडे वळवून त्याने गाठ अशी गायब केली की धाकट्याच्या बायकोलाही दिसली नाही. "दहा वर्षांनी लहान दिसता," असं वर तीच म्हणाली. दोन गिऱ्हाइकांनी तसाच कट मागितला, तेव्हा दादाची छाती फुगली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. झाकल्या गाठीचा भाव कुणी सांगत नाही.

गाठ वाढत गेली तसे केसही वाढवले. एकदा फणी लागली आणि रक्त थांबेना. तुरटी चोळचोळून दादाने ते थांबवलं. "घरी बोलू नकोस," दोघं एकदमच म्हणाले आणि हसले.

मग एका सकाळी उशी रक्ताने भिजलेली निघाली. किडनीचाच कॅन्सर होता. तो डोक्याच्या कातडीत निघाला होता आणि आता फुप्फुसांतही पसरला होता. लवकर आला असतात तर बरंच काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

धाकट्याची बायको दुकानात आली. "भाऊजी, मला दिसली नाही. तुमच्या तर हाताखालीच होती."

दिवसभर बडबडणारा दादा पुसलेलीच फणी पुन्हा पुसत राहिला.

उपचारांआधी केस काढायचे होते. धाकटा त्याच खुर्चीत बसला. मशीन फिरलं, केस गळले आणि आरशात लिंबाएवढी गाठ उघडी पडली. धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"तुझा हात जरा वाईट असता ना दादा, तर मी वाचलो असतो."

दादाने त्याच्या मानेवरचे केस झटकले आणि कापड सोडलं. बाकावर पुढचं गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्याला भांग डावीकडे हवा होता.