कुणाची वायर नको

मंगळवारी सकाळी दहाला येतो म्हणालेला सोलरवाला मांगीलाल साडेअकरा वाजले तरी आला नव्हता आणि फाटकापर्यंत मी किती चकरा मारल्या ते आता मोजतही नव्हते. गाडीचं तोंड अंगणात आणि शेपूट गल्लीत, कारण माधव नगरातलं आमचं अंगण टेम्पो ट्रॅव्हलरला पुरत नाही. पूर्वी ही गाडी एका शाळेची होती. आता तिच्यात दोन बिछाने, छोटा फ्रिज, हात पसरण्याएवढा ओटा आणि पाण्याची टाकी असं सगळं बसवून झालं होतं. राहिल्या होत्या फक्त छतावरच्या दोन सोलर प्लेटा. त्या बसल्या की गुरुवारी सकाळी सहाला निघायचं, असं ठरलं होतं.

ठरलं होतं, हे मी चौथ्यांदा म्हणत होते. दिवाळीनंतर निघणार, तर ह्यांचे ग्वाल्हेरचे मामेभाऊ आले. संक्रांतीला निघणार, तर पुण्याहून ह्यांचा चुलतभाऊ आल्हाद आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन आला. शिवरात्रीचं तर विचारूच नका, तेव्हा जिन्याखालीसुद्धा माणसं झोपली होती.

उज्जैनमध्ये ज्याचं घर आहे त्याला नातेवाइकांची कमतरता कधी पडत नाही. महाकालच्या दर्शनाला येणारा प्रत्येक जण फोनवर एकच वाक्य म्हणतो, "वहिनी, आम्ही फक्त अंघोळीपुरते येतो, तुम्ही काही करू नका." अंघोळ म्हणजे सात जणांचे टॉवेल, अंघोळीनंतर पोहे-जिलेबी, जिलेबीनंतर "जरा पाठ टेकतो" आणि पाठ टेकली की मुक्काम. चौतीस वर्षं मी हे केलं, शाळेतली नोकरी सांभाळून केलं. आवडीनं केलं म्हटलं तर खोटं होईल आणि जुलमानं केलं म्हटलं तरी खोटंच होईल.

रिटायर झाले त्या वर्षी एकदा दोरीवर कुणाचा तरी ओला टॉवेल टाकताना माझे हात थांबले. मला वाटलं, आता मी जाणार. लांब जाणार, आणि जिथे जाईन तिथे कुणाच्या घरी उतरणार नाही. कुणाच्या दारात गाडी लावून "जरा वायर टाकू का?" असंही विचारणार नाही. "हो हो, टाका की" म्हणताना समोरच्या बाईच्या पोटात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून छतावर आपली आपली वीज हवी होती.

मग नकाशा घेऊन नातेवाईक नसलेली दिशा शोधायला बसले. उत्तरेला ग्वाल्हेर, पश्चिमेला बडोदा, दक्षिणेला तर अख्खा महाराष्ट्र. राहता राहिला ओडिशा. तिथे आमचं काळं कुत्रं नाही. मी तिथल्या समुद्रावर पेन्सिलीनं गोल काढला आणि मला कित्येक वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला.

"येईल ग तो. घाई काय आहे?" हे व्हरांड्यात पेपर वाचत म्हणाले. हे म्हणजे आमचे शैलेंद्र, बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झालेले. माणूस सोन्यासारखा आहे, पण कधीही विचारलं तरी घाई नसते.

"गुरुवार परवा आहे," मी म्हणाले आणि स्कूटीची चावी घेतली.

फ्रीगंजला त्याच्या दुकानात पोचायला नेहमी दहा मिनिटं लागतात. टावर चौकात त्या दिवशी गाड्या अशा अडकल्या होत्या की पंधरा मिनिटं मी एकाच कचोरीच्या दुकानासमोर हॉर्न वाजवत उभी होते. मांगीलाल दुकानात निवांत बसून पेरू खात होता. मला बघून त्याने पेरू काउंटरखाली ठेवला.

"दस बजे आनेवाले थे तुम," मी म्हणाले.

"अरे भाभीजी, साहब का फोन आया था ना कल. बोले, कोई जल्दी नहीं, अगले हफ्ते आराम से करेंगे."

मग वाटलं, छताला भोकं पाडायची म्हणून ह्यांचा जीव खालीवर होत असणार. पावसाळ्यात गळेल, गंज चढेल, महिनाभर हे तेच बोलत होते. माझं डोकं असं फिरलं की पायाखालची जमीन गरम लागायला लागली.

"साहब को रहने दो. गाडी मेरी है," मी सांगितलं. खरं तर ती दोघांच्या नावावर आहे. "प्लेट निकालो, बैटरी निकालो, अभी के अभी."

मांगीलालने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लोडिंग रिक्षा बोलावली. प्लेटा आडव्या टाकून त्याने गोधडीत गुंडाळल्या आणि मी घरापर्यंत त्या रिक्षाच्या मागे मागे, एकही गाडी मध्ये घुसू न देता, स्कूटी चालवली. फाटकात आम्हाला बघून ह्यांनी पेपर खाली ठेवला. ह्यांचा चेहरा मला पाठ आहे असा माझा समज होता. पण त्या वेळी त्यावर जे आलं ते मला ओळखता आलं नाही.

काम सुरू झालं. मांगीलाल शिडीने छतावर चढला, हे शिडी धरून उभे राहिले आणि प्लेटेचं एक टोक मी व्हरांड्याच्या कट्ट्यावर चढून वर सरकवलं. एकोणसाठाव्या वर्षी ओढणी कमरेला खोचून मी हमाली करत होते आणि शेजारच्या रजनीताई गॅलरीतून "अहो, सांभाळून!" म्हणत होत्या. छताला ड्रिल लागलं तेव्हा गाडीभर असा आवाज घुमला की ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"थोडी जगह छोडी है नीचे," मांगीलाल वरून सांगत होता. "हवा जाएगी तो प्लेट गरम नहीं होगी. बस छाँव से बचाना. एक कोने पे भी छाँव पड गई ना, तो पूरी प्लेट सुस्त."

"बघ," हे लगेच म्हणाले, "रजनीताईंच्या निंबाची सावली इथपर्यंत येऊन राहिली आहे. दोन दिवस बघू या का, किती वीज बनते ते? फिर निघू."

"निंब आपल्याबरोबर ओडिशाला येणार नाहीये," मी म्हणाले.

तेवढ्यात व्हरांड्यात ह्यांचा फोन वाजला. ह्यांचे दोन्ही हात शिडीला, म्हणून मी घेतला. नाशिकची भार्गवी होती, ह्यांची चुलत बहीण.

"वहिनी! बरं झालं तुम्हीच भेटलात. आम्ही गुरुवारी सकाळी नऊपर्यंत पोचतो हं, सात जण. मी नको म्हणत होते हो, सारखा सारखा काय त्रास द्यायचा तुम्हाला! पण दादा ऐकायलाच तयार नाही. तीनदा फोन केला त्याने. म्हणाला, घर रिकामं पडलंय, या."

"तीनदा," मी म्हणाले.

"नाही तर काय! संक्रांतीला आल्हादलाही असाच ओढून आणला त्याने. आम्ही सगळे म्हणतो, दादासारखा माणूस नाही."

मी फोन ठेवला. अंगणात ऊन होतं, ड्रिलचा आवाज थांबला होता आणि हे शिडी धरून वर बघत होते. मला ओरडायचं होतं, पण मांगीलालसमोर ओरडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी गाडीत जाऊन बसले, उठले, फ्रिज उघडला, बंद केला आणि पुन्हा बसले.

अर्ध्या तासाने मांगीलालने वायरी जोडल्या, भोकांभोवती सीलंट भरलं आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. तो खूश होऊन म्हणाला, "देखो भाभीजी, सीधे सूरज से," आणि जेवायला निघून गेला. एवढे महिने मी ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. मी ह्यांना आत बोलावलं. दोन बिछान्यांवर समोरासमोर बसलं की आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"भार्गवीचा फोन होता."

ह्यांनी पंख्याचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

"मला वाटायचं ही माणसं आपली आपण येतात. सगळ्यांना तुम्ही बोलावलंत."

"सगळ्यांना नाही," हे म्हणाले. "शिवरात्रीचे आपोआप आले."

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. "तुम्हाला यायचं नव्हतं तर सांगायचं होतं तसं. सहा महिने मी ह्या गाडीत जीव ओतून राहिले, अन् तुम्ही मागून माणसं बोलावता? का?"

ह्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आपला विक्रांत कॅनडाला गेला ना, तेव्हापासून घर चूपचाप झालं की मला कसंतरीच होतं, चारू. पाहुणे असले की बरं असतं. तू ह्या खोलीतून त्या खोलीत, मी स्टेशनवर, नाहीतर आरतीच्या पासच्या मागे. रात्री बोलायला काहीतरी असतं, कोण काय म्हणालं, कोण किती जेवलं. ह्या डब्यात आपण दोघंच. महिनाभर. काय बोलणार आहोत आपण?"

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या पाठोपाठ भीती आली, कारण हे खरं बोलत होते. विक्रांत लहान असताना त्याचं बोलायचो, मग सासूबाईंच्या आजारपणाचं, मग पाहुण्यांचं. नुसतं आमचं दोघांचं असं शेवटचं कधी बोललो ते मला आठवेना.

"बरं, मग आता बोला," मी म्हणाले. "दोघंच आहोत. बोला काहीतरी."

पंखा फिरत होता. रजनीताईंच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"सीलंट बढिया लावलं त्याने," हे म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

तिसरी शिट्टी झाली. मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आले आणि उगाचच अंगण झाडलं.

बुधवारी मी भार्गवीला फोन केला. म्हटलं, चाव्या शेजारी रजनीताईंकडे आहेत, टॉवेल कपाटात आहेत, पोहे डब्यात आहेत, दूधवाल्याला सांगितलं आहे, घर तुमचंच समजा आणि हाताने करून खा. मग ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"मी उद्या सहाला निघते. तुम्हाला यायचं असेल तर या. नसेल तर भार्गवीला पोहे करून घाला. गाडी मला चालवता येते."

हे दिवसभर टीव्ही लावून बसले. मी डाळ-तांदूळ भरले, काढले, पुन्हा भरले. दर तासाला शिडी चढून प्लेटांवरून ओलं फडकं फिरवून आले आणि बॅटरीचा आकडा बघून आले. ह्यांची बॅग कपाटावर होती तिथेच होती. संध्याकाळपर्यंत बॅटरी पूर्ण भरली आणि मला कळेना की आता मी काय करू.

गुरुवारी पावणेसहाला मी स्टिअरिंगवर बसले आणि इंजिन सुरू केलं. हे व्हरांड्यात उभे होते. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. हे आले नाहीत तर काय करायचं ह्याचा विचार मी केलाच नव्हता. सगळा वेळ मी फक्त निघण्याचा विचार केला होता. पण आता उतरले असते तर पुन्हा कधीच निघाले नसते, म्हणून रिव्हर्स टाकला. गाडी फूटभर मागे सरकली आणि बाजूचा दरवाजा धाडकन उघडला.

"थांब ग, थांब!" हे आत चढले. हातात कापडी पिशवी, तिच्यात दाढीचं सामान, गोळ्या आणि दोन शर्ट. पायात घरातल्याच चपला होत्या.

देवास रोडला लागेपर्यंत कुणी बोललं नाही. त्यानंतरही नाही. शेतं गेली, ढाबे गेले, ह्यांनी एकदा काच खाली केली, मग वर केली. मी गिअर गरज नसताना बदलत होते. मनात म्हटलं, ओडिशा अजून हजार किलोमीटर आहे. देवासच्या अलीकडे एका बाभळीपाशी मी गाडी बाजूला घेतली, कारण माझे खांदे आखडले होते.

हे उठून ओट्याशी गेले. इंडक्शन लावलं, फ्रिजमधून दूध काढलं, पातेलं शोधलं. चौतीस वर्षांत मी ह्यांना चहा करताना कधी बघितलं नव्हतं. साखरेचा डबा हातात घेऊन ते तसेच थांबले.

"चारू, तू चहा कसा घेतेस?"

मला विचार करावा लागला. खरंच करावा लागला. सगळ्यांना कप देऊन झाल्यावर पातेल्यात खाली जो राहतो तो मी ओट्याशी उभी राहून पिते. कधी अर्धा कप, कधी पाऊण, बहुतेक वेळा गार.

"उरलेला," मी म्हणाले.

ह्यांनी साखरेचा डबा खाली ठेवला. पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ह्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्या गाडीत जागा नव्हती.

"आज नाही उरणार," हे म्हणाले. "दोनच कप टाकले आहेत. सांग."

मग मी सांगायला लागले. आधी आवाज नीट निघेना. आलं मला आवडत नाही, इथून सुरुवात केली. देवास मागे पडलं तरी माझं सांगून झालं नव्हतं, आणि हे मध्ये मध्ये "अरे, हे तू कधी बोललीच नाहीस," म्हणत होते.