दुधाच्या साखरेची पुडी

कागदाची घडी अंगठ्याखाली बसेना... टोक पुन्हा उघडलं, पांढरी भुकटी शांतलिंगच्या बोटावर सांडली आणि सवयीनं त्यानं ती जिभेला लावली — गोड. नुसती गोड. आजच्या पुडीत औषध उरलंच नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी जळकोटमधल्या त्याच्या या औषधाच्या दुकानातून धुरपदाबाई रोज डोकेदुखीच्या पाच पुड्या न्यायची. नवरा लढाईवर, त्याची बसऱ्याहून येणारी पत्रं थांबलेली — तेव्हापासून डोकं उठायचं. पुडीनं उतरायचं, पुडीचा जोर ओसरला की पुन्हा चढायचं. तिचे ओठ निळसर दिसले तेव्हा त्यानं हैदराबादेत शिकताना घेतलेलं पुस्तक काढलं. त्यातून कळलं, दुखणं आता पुडीच पोसत होती; निळे ओठही तिचेच. नाही म्हणावं, तर ती समोरच्या किराणा दुकानातून घेणार... म्हणून तो रोज पुड्या उकलायचा, औषध आदल्या दिवसापेक्षा किंचित जास्त काढायचा, तेवढी दुधाची साखर — औषधात भर म्हणून मिसळतात ती गोड भुकटी — घालायचा, पुन्हा घडी. तिला न सांगता. आणि — हे पुस्तकात कुठंच नव्हतं — सकाळपासून तिच्या पावलांकडे कान लावून बसायचा.

"बाजारात साखर दिसंना, अन् तुमच्या पुड्या लई गोड लागत्यात, शांतलिंगअप्पा!"

ती उंबऱ्यात उभी होती.

"डोकं कसंय, बाई?"

"न्हाय दुखलं, चार दिस झाले. पण द्या बांधून. भावाकडं सोनारीला चाललेय, दोन म्हयने. न्हायतर तिथल्या दुकानात घेईन."

तिथल्या पुड्या खऱ्या असतील. पुन्हा पाच, पुन्हा ते ओठ... आणि ती परत येईल, रोज येईल. हा विचार क्षणभर त्याला आवडला — इतका, की तो घाबरला.

"तिथं घेऊ नका," तो घाईनं म्हणाला. "ह्यात आज औषध नाही. रोज थोडं थोडं कमी केलं मी. पुड्यांनीच दुखत होतं. आता बरं झालंय."

ती पुडीकडं बघत राहिली.

"म्हंजे रोज फसवलंत मला."

"व्हय."

"आजची नुसती साखर. मंग चार दिस डोकं दुखत नसताना म्या हितं कशाला येत होते, अप्पा?"

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. प्रश्न सुटतो तो मोजमापानं, अशी त्याची आजवरची समजूत... इथं मोजण्यासारखं काहीच नव्हतं. स्वतःपुरतं उत्तर त्याला ठाऊक होतं: तो रोज तिच्या पावलांची वाट का बघायचा. पण तेच तिचंही उत्तर असेल, हे आतापर्यंत त्याच्या मनातच आलं नव्हतं. आता दोघांपैकी कोणीही बोलू नये, एवढंच त्याला वाटत राहिलं... आणि ती अजून गेली नव्हती.