आंबट मातीचा वाफा

“परत खंय चल्लात?” खाटेवरून कमलने विचारले.

“परसात. आणखी खंय?” म्हणत कृष्णनाथ बाहेर पडलासुद्धा. सकाळपासून त्याच्या अशा कितीतरी फेऱ्या झाल्या होत्या. उभा जन्म डिचोलीच्या खाणींवर मातीचे ट्रक हाकण्यात गेलेला. जितक्या ट्रिपा जास्त तितका ड्रायव्हर मोठा, हे डोक्यात पक्के बसले होते. ट्रक कधीच विकला गेला, पण अंगातली घाई काही जाईना.

कमलला अर्धांगवायू झाला आणि तिचा तांबड्या भाजीचा वाफा त्याच्या गळ्यात पडला. भाजी मात्र धरेना. रोपे बोटभर वाढून पिवळी पडत. शेतकी कार्यालयातल्या गौरवीने माती तपासून सांगितले होते, “काका, माती आंबट झाली. काकी न्हाणयेच्या चुलीतली राख घालीत ना? गीझर इलो आणि राख बंद झाली. आता थोडो थोडो चुनो घाला. शेणखत मगे, आणि बी त्याच्याय मगे.”

थोडे थोडे हे कृष्णनाथला जन्मात कधी जमले होते? त्यात कमल जेवत नव्हती. दोन घास घेऊन तोंड फिरवायची. “परसातली भाजी आसती तर,” एवढेच एकदा म्हणाली, आणि त्याच्या जिवाला घोर लागला. भाजी येईपर्यंत हीच राहिली नाही तर? एका दुपारी त्याने वर्षभराचा चुना, शेणखत आणि बी, सगळे एकदम वाफ्यात ओतले. जे उगवले ते करपले. पांढराफटक वाफा तेवढा उरला.

तेव्हापासून तो बाजारातून लपवून जुडी आणायचा आणि खोबरे घालून शिजवायचा. कमलला वाढताना बेधडक सांगायचा, “तुझ्या वाफ्यातली गे.” ती सगळी संपवायची. त्याला बरेही वाटायचे आणि स्वतःची लाजही वाटायची.

आज पान संपवून ती म्हणाली, “माका वाफ्यार व्हरा.”

“ऊन लागतला तुका.”

“लागू दे. कदेल उचला.”

सबबी संपल्या. त्याने तिला खुर्चीसकट उचलले. ती इतकी हलकी झाली असेल असे त्याला वाटले नव्हते. वाफ्याशी खुर्ची टेकवून तो मान खाली घालून उभा राहिला.

कमल बराच वेळ बघत होती. मग तिने चालता हात पुढे केला. त्याने त्यावर एक ढेकूळ ठेवले. तिने ते अंगठ्याने फोडून हुंगले.

“आता काय घालू नका. नुसता पाणी घालीत ऱ्हावा. मगे बघूया.”

“तवसर?” तोपर्यंत काय करायचे, हे त्याच्या तोंडून निघून गेले.

“तवसर बाजारातलीच जुडी आणा. कालची बरी होती.”

कृष्णनाथला रडूच कोसळले. तोंड लपवायला काहीतरी हवे म्हणून त्याने बाल्दी उचलली आणि भडाभडा पाणी ओतू लागला.

“सावकाश,” कमल म्हणाली. “मी खंय जायत नाय.”