काचेतला काठ

माझा नवरा अदाउतु झोळीतून उठावा, एवढ्यासाठी मी काचेच्या टाकीत नदीचा काठ रचायला घेतला. बाकी मला काही हौस नव्हती.

धरणवाल्यांनी आम्हाला नदीवरून उचलून या एकसारख्या पांढऱ्या घरांच्या वसाहतीत आणून टाकलं, तेव्हापासून तो भिंतीला बांधलेल्या झोळीत पडून. नदी इथून बसने तासाभरावर. चाळीस वर्षं हातजाळीने रंगीत मासे धरून शहरातल्या व्यापाऱ्याला देणारा माणूस, आता दिवसभर भिंतीकडे तोंड. दिलं तर खातो, विचारलं तर "हं" म्हणतो. शेजारची इरासी म्हणाली, "झुलेइदे, डॉक्टरला दाखव." दाखवलं. डॉक्टर म्हणाला, फिरायला न्या. कुठे नेऊ, डोंबल?

मासेच संपले तेव्हा त्या व्यापाऱ्याने दुकान बंद केलं. त्याच्याकडची एक लांबलचक काचेची टाकी मी मागून आणली. नदीवर जाऊन काळे दगड आणले, वाळू आणली आणि सरांवची रोपं आणली. सरांव म्हणजे आमच्या काठावरचं झुडूप. वर्षातले काही महिने ते कमरेपर्यंत बुडतं, काही महिने कोरडं राहतं, आणि पुराच्या पाण्यात त्याची फळं पडली की खालचे मासे टपलेलेच असतात. रोपं मी वेलीच्या टोपल्यांत बसवून टाकीच्या मागच्या काचेला टांगली, मुळं पाण्यात, पानं वर. पुढे दगड रचले, चार पियाबा मासे सोडले. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी झोळीतून आवाज आला. "असा काठ कुठे असतो?"

"का, काय झालं?"

"भिंत बांधलीयेस तू. काठ उतरता असतो. पाय टाकला की माणूस घसरून पाण्यात गेला पाहिजे."

"मग ये आणि कर. नुसती जीभ उठलीये, बाकीचा माणूस कधी उठणार?"

आणि उठला हो तो. सगळे दगड बाहेर काढले, मोठे मागे, लहान पुढे असे लावले, वाळूचा उतार केला, त्यात एक वाळकं खोड आडवं टाकलं. मधल्या टोपल्या खाली घेतल्या, कडेच्या वर. दोन दिवस मला हातही लावू दिला नाही. ऑगस्ट लागला, आमच्या नदीचं पाणी ओसरायचे दिवस, तसा म्हणाला, "आता पाणी उतरायला हवं." रोज एक तांब्या काढायचा. मुळं उघडी पडत गेली आणि सरांवला नवी पानं फुटली. अदाउतुने दाढी केली. माशाबरोबर कसाव्याच्या कंदाचं पीठ दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी इरासीला सांगितलं, "माझा माणूस परत आला गं." ती म्हणाली, "हळू बोल, नजर लागेल." मला कसली नजर आणि कसलं काय, मी गल्लीभर सांगत सुटले.

डिसेंबरात आभाळ गडगडायला लागलं. आता पाणी चढायचे दिवस. मी बादली भरून आणली आणि विचारलं, "किती घालू?"

अदाउतु म्हणाला, "बघून येतो," आणि बस धरून नदीवर गेला.

पाणी चढायच्या आधी मुंग्या अंडी घेऊन झाडावर चढतात. त्या जितक्या वर जातील तितकी नदी येणार, हे त्याला बापाने शिकवलेलं आणि त्यात तो कधी चुकला नाही. संध्याकाळी परत आला तो चिखलाने भरलेला. "मुंग्या नाहीत," म्हणाला. "झाडं उभ्या उभ्या मेलीत. पाणी जूनमध्ये जिथे होतं तिथेच आहे, उतरलंही नाही, चढलंही नाही. धरणवाले ठरवतील तेवढंच."

चार दिवस तो टाकीसमोर बसून राहिला. पाणी घालेना, घालू देईना. सरांवची पानं गळायला लागली. माझा जीव तीळतीळ तुटत होता. पाचव्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा मी एक बादली ओतली.

बाहेर आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं. "तू घातलंस?"

"हो. रोपं मरत होती."

"किती?"

"एक बादली."

"एकच का?"

हाताशी एकच होती. "मग तू सांग ना, किती घालू," मी म्हटलं. "तू सांगशील तेवढं घालते."

"घाल तुला वाटेल तेवढं," अदाउतु म्हणाला. "तेही तसंच करतात."

आणि जाऊन झोळीत आडवा झाला.

रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. भांडून भांडून उठवलं असतं त्याला, मला येतं ते. पण तो अगदी साधं बोलला, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं. धरणवाल्यांच्या रांगेत मला नेऊन उभं केलं आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी बादली भरली आणि ओतली. आणखी एक ओतली. आणखी एक. उतार गेला, खोड गेलं, सरांवचे शेंडे तेवढे वर राहिले. टाकी काठोकाठ भरून पाणी जमिनीवर सांडलं, झोळीखाली गेलं.

त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.